घट्ट टायर दोघांनी चढवायचा

गुलाब,

तुझी तेरवी होऊन आठ दिवस झाले. काल मी तुझ्यानंतर पहिल्यांदा एकट्यानं टायर चढवायला बसलो, तोही तुझ्याच सायकलचा. अर्धा टायर रिममध्ये बसवून हात पुढे सरकवला, तर मागून निसटला. मागचा बसवला, तर पुढचा बाहेर आला. असं तीनदा झालं आणि चौथ्यांदा मी मान वर न करताच म्हणालो, "धर ना, लेका." समोर तू नव्हतास. शेवंता वहिनी होत्या, आपल्या दुकानाच्या बाकावर बसलेल्या. वहिनींनी ऐकलं आणि तोंड फिरवून त्या बसस्टँडकडे पाहत राहिल्या.

तेव्हापासून डोक्यात तूच आहेस. एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली आहे, तेवढ्यासाठी हे लिहितोय. तुला वाचनाचा कंटाळा. पेपरातली बातमीसुद्धा तू मला वाचायला लावायचास आणि मधेच म्हणायचास, "लंबं नको करू मास्तर, शेवट सांग." सांगतो, पण सुरुवातीपासून. आता तुला घाई कसली आहे?

तेरवीला तुझ्या तांड्यावर चार-पाच जण बोलले. म्हणे गुलाब मनमिळाऊ होता, त्यानं कधी कुणाला दुखावलं नाही. मी मागच्या रांगेत बसलो होतो. मनात म्हटलं, हे आपल्याच गुलाबबद्दल बोलतायत ना? ज्याच्या चेनला तेल नसे त्याला तू चारचौघांत विचारायचास, "काका, तुमी तरी आंघोळ करता काय रोज, का सायकलीसारखंच हाय?" ग्रामसेवकाला सोडलं नाहीस, शाळेच्या हेडमास्तरांना सोडलं नाहीस. भरपूर दुखावायचास. तरी लोक फुलसावंगीच्या वाटेवरून चाक खांद्यावर घेऊन तुझ्याकडेच यायचे, कारण तुझ्या हातून गेलेलं चाक पुन्हा लवकर परत येत नसे. हे कुणी बोललं नाही. मला उठून बोलावंसं वाटलं होतं, पण खरं सांगायचं तर धीर झाला नाही.

मी तुझ्याकडे आलो तो गिऱ्हाईक म्हणून. डी.एड. झालेलो, इस्त्रीचा शर्ट, यवतमाळला मुलाखत. गावाहून सायकलनं महागावला आलो, बस धरायची होती आणि पुढचं चाक बसलं. सायकल तुझ्या अंगावर टाकून पळालो. संध्याकाळी परत आलो तेव्हा तू पंक्चर काढून, चेनला तेल देऊन, सायकल लिंबाच्या झाडाला टेकवून ठेवली होतीस. माझ्या तोंडाकडे पाहून तू चहा सांगितलास.

"काय झालं?"

"नाही झालं."

"मंग उद्या ये. मले इथं दोन हात कमी पडून राह्यले."

मी आलो. वाटलं होतं, नोकरी लागेपर्यंत बसू. अठ्ठावीस वर्षं झाली, नोकरी लागली नाही आणि तू मला मास्तर म्हणायचं सोडलं नाहीस. पहिली दोन-तीन वर्षं तो शब्द फार लागायचा. पुढे माझ्या घरातलेही तेच म्हणू लागले. आता माझं खरं नाव बँकेच्या पासबुकावर तेवढं उरलंय.

पहिल्याच आठवड्यात आपलं वाजलं ते टायरवरून. बाहेरच्याला वाटतं, टायर चढवण्यात काय आहे. जुन्या, वापरलेल्या टायरचं खरंच काही नाही, तो गोणपाटासारखा अंगावर येतो. नवा टायर मात्र, त्यातही थंडीच्या सकाळी, फार ताठ असतो. त्याची एक कड रिममध्ये जाते. मग ट्यूब आत घालायची, तिला चार पंप हवा द्यायची म्हणजे ती गोल राहते आणि कुठं चिमटत नाही. मग दुसरी कड. ती तीन हिस्से आत जाते आणि शेवटची वीतभर उरते. त्या वीतभरात माणसाचा घाम निघतो.

माझं म्हणणं होतं, वॉलपासून सुरुवात करावी. हवा भरायचा वॉल एकदा सरळ बसला की चिंता मिटली. तुझं नेमकं उलटं. वॉलच्या समोरून सुरू करायचं आणि वॉलवर आणून संपवायचं.

"रिमच्या पोटात जागा हाय," तू बोट फिरवून दाखवायचास. "टायरची कड त्या पोटात ढकलत ढकलत ये. जेवढी पोटात जाईन तेवढी वर सैल होते. वॉलपाशी ट्यूब जाडी हाय, तिथं कड पोटात बसत नाही. म्हनून तिथं शेवटी जायचं."

"आणि तिथं आल्यावर वॉलच वाकडा झाला तर?"

"तर त्याले वर दाबून सरळ कर. तुले देवानं अंगठे दिले ना?"

अंगठे दिले होते, पण ते खडू धरायचे अंगठे होते. तुझे अंगठे म्हणजे नांगराचे फाळ. तू चाक दोन्ही पावलांत धरून बसायचास, तळहात टायरवर टेकवून कड अशी लोटत आणायचास की पाहणाऱ्याला वाटावं भाकरी थापतोय. स्क्रू फिरवायचा पेचकस तू टायरला कधी लावला नाहीस. "पेचकस लावला का ट्यूब मेली समज," हे तुझं वाक्य दिवसातून एकदा तरी व्हायचं. आणि तुझी पाठ फिरली की माझा हात पेचकसाकडेच जायचा. टोक कडेखाली घालायचं, दांडा रिमवर दाबायचा, वीतभर टायर एका झटक्यात आत. कुणाला कळतंय?

आता ती गोष्ट.

तुला तो दिवस आठवत असेलच. दहावीचे पेपर सुरू व्हायचे होते. एका काकांनी त्यांच्या मुलीची सायकल मागचा नवा टायर टाकायला सकाळी तुझ्या हाती दिली होती. रोज पाच मैल यायची ती पोरगी. मग तू तांड्यावर कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलतास. काका सायकल न्यायला यायची वेळ झाली होती. शेवटची वीतभर काही केल्या आत जाईना. मी पेचकस घातला आणि दाबला. आत गेला. पण जाताना टोकाला काहीतरी मऊ लागल्यासारखं झालं. गुलाब, मला ते जाणवलं होतं. हवा भरली, टायर टणक उभा राहिला आणि मी स्वतःलाच सांगितलं की काही नाही, भास झाला. उलट मनातून खूश होतो, की तुला जे जमायला पाव तास लागतो ते मी दहा मिनिटांत केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका सायकल ओढत आले. रस्त्यात हवा गेली होती. पोरगी निम्मी वाट सायकल हातात धरून पळाली आणि रडत रडत पेपरला उशिरा पोचली. ते तुझ्या अंगावर ओरडत होते, कारण टायर म्हटलं की गुलाब, हे सगळ्या महागावला ठाऊक. मी शेजारी मांडीवर चेन घेऊन बसलो होतो. चेनला काही झालेलं नव्हतं. मी तिची एकेक कडी चिंधीनं पुसत होतो.

तू ट्यूब काढलीस. घमेल्यातल्या पाण्यात फिरवलीस. बुडबुडे आले. तू ती जागा बोटानं दाबून धरलीस, ट्यूब पुसलीस, उलटी केलीस आणि उजेडात धरून बराच वेळ पाहिलीस. मग काकांना म्हणालास, "चूक झाली काका. माझ्या हातून झाली."

मी मान वर केली नाही.

नवी ट्यूब टाकून तू स्वतः टायर चढवलास. आणि पुढचे सगळे पेपर होईस्तोवर दर पेपरच्या सकाळी त्यांच्या गावी जाऊन तिच्या सायकलची हवा पाहून आलास. मी दुकान झाडायचो, पाणी भरून ठेवायचो आणि तू आलास की विचारायचो, "काय म्हणते पोरगी?" तू म्हणायचास, "अभ्यास करून राह्यली." पोरगी पास झाली. पुढे तिच्या लग्नाची पत्रिका दुकानात आली, तुझ्या एकट्याच्या नावाची. ती मी तुला मोठ्यानं वाचून दाखवली होती.

इतकी वर्षं मी असं धरून चाललो की तुला कळलं नव्हतं. आता विचार केला की माझंच मला हसू येतं. ट्यूबमधून काढलेला काटा चिमटीत धरून तू सांगायचास, "हा हिवराचा हाय, हे गिऱ्हाईक नाल्याच्या वाटेनं आलं." काटा बाहेरून घुसतो आणि टोकदार भोक पाडतो. पेचकस आतल्या अंगाला चीर देतो, नखानं खुडल्यासारखी, बाकदार. पंक्चरवाल्याला हा फरक रोजचा. तुला काट्यावरून वाट कळते आणि चिरेवरून पेचकस कळत नाही, असं मी मानून घेतलं. मानणं सोयीचं होतं.

सांगणार होतो, अनेकदा. पहिल्या वर्षी लाज आडवी आली. नंतर वाटलं, आता जुनं कशाला उकरायचं. त्यानंतर सांगावं असं वाटायचंही थांबलं होतं, आणि याचीच मला आता जास्त चीड येते.

त्या उन्हाळ्यात असाच घट्ट टायर आला तेव्हा तू पहिल्यांदा हाक मारलीस. "मास्तर, इकडं ये. धर."

"काय झालं?"

"अंगठे गेले बापा. एकट्यानं होत नाही आता."

चाळिशीही उलटली नव्हती तुझी. पण मी विश्वास ठेवला, आणि मनातून थोडा सुखावलोही, कारण पहिल्या दिवशी बोलावलंस त्यानंतर तू माझी गरज बोलून दाखवलीस ती तेवढीच. तेव्हापासून दुकानाचा नियमच झाला की घट्ट टायर दोघांनी चढवायचा. चाक मध्ये, तू त्या बाजूला, मी या बाजूला. एकानं बसलेली कड दाबून धरायची, दुसऱ्यानं पुढची लोटत न्यायची. लोटायचं कुठून, यावर दर वेळी भांडण.

"वॉलपासून धर."

"वॉलवर संपव म्हनलं ना!"

"तुझं शास्त्र चुकीचं आहे गुलाब."

"माह्या शास्त्रानं टायर चढते. तुह्या शास्त्रानं कायले चढत नाही मंग?"

आपली तोंडं हातभर अंतरावर, तुझ्या तोंडाला तंबाखूचा वास. दोघांचे हात गुंतलेले, त्यामुळे उठून जाता यायचं नाही. म्हणूनच असेल, आयुष्यातलं महत्त्वाचं जे काही आपण बोललो ते चाकावरच बोललो. माझी आई गेली ते मी तुला चाक धरून सांगितलं. तुझ्या मोठ्या पोरानं पुण्याला राहायचं ठरवलं ते तू मला कड लोटता लोटता सांगितलंस आणि तोंड लपवायला टायरवर इतका वाकलास की कपाळाला काळं लागलं. मी ते पुसायला सांगितलं नाही. दिवसभर तू तसाच वावरलास आणि संध्याकाळी घरी गेल्यावर आरशात पाहून फोन केलास, "मास्तर, सांगता येत नव्हतं काय बे?"

फोनवर घरच्यांशी तू तुमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायचास. मला त्यातलं चहा-जेवणापुरतं कळायचं. इतक्या वर्षांत मी ती शिकलो नाही, तू माझं सगळं शिकलास. तुझ्या बोलीत "माझं चुकलं" कसं म्हणतात, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही.

आणि ते पेचकस. आठवतंय ना? मी नवा पेचकस आणला की आठ-पंधरा दिवसांत त्याचं टोक बोथट. स्क्रूच्या खाचेत बसायचं नाही, घसरायचं. मी दुकानदाराला शिव्या घालायचो. एकदा तर चांगला मिळावा म्हणून एस्टीनं उमरखेडला गेलो आणि पारखून, वाजवून घेऊन आलो. पंधरा दिवसांत त्याचीही तीच गत. तू गंभीर तोंड करून म्हणायचास, "आजकाल लोखंडातच दम नाही राह्यला मास्तर." आणि स्वतःच्या खिशातला लहान पेचकस काढून द्यायचास, "हा घे, माहा." तुझा कसा टिकतो, हे मी कधी विचारलं नाही. माझ्याकडून ट्यूब चिरणं मात्र नंतर बंद झालं. मी चोरून पेचकस लावायचो तेव्हाही नाही. मला वाटायचं, हात सुधारला.

शेवटचं आपण बोललो ते यवतमाळच्या दवाखान्यात. तुझ्या नाकाला नळी होती, त्यातूनही तू म्हणालास, "घरी माहा टायर टांगेल हाय. सुट्टी झाली का चढवू." मी म्हटलं, "चढवू. पण वॉलपासून." तू हात हलवलास, जा जा, असा. मी हसत बाहेर आलो आणि बस धरली. तेव्हा मी थांबायला हवं होतं. तुझ्या सोबतीला पोरगा होता, दुकान बंद होतं, मला घाई नव्हती. सांगायची गोष्ट मनात वरपर्यंत आलीही होती. पण बस लागलेली दिसली.

काल सकाळी वहिनी आल्या. तांड्यावरून चालत, तुझी सायकल हातात, आणि हँडलला तो नवा टायर. मागचा टायर पार घासला होता, आतला दोरा दिसत होता. जगाचे टायर बदलायचास आणि स्वतः यावर फिरायचास.

"नात म्हन्ते, आजोबाची सायकल मी नेतो शाळेत," वहिनी म्हणाल्या. "हे टायर त्याईनं दिवाळीच्या आधीच आनून ठेवलतं. मी म्हनलं चढवून टाका ना. तं म्हने, मास्तर आन मी मिळून चढवू."

मी चाक खोललं, जुना टायर उतरवला, नव्याची एक कड घातली, ट्यूबला चार पंप दिले. मग ते सगळं झालं जे सुरुवातीला लिहिलं. थंडी होती, टायर ताठ, आणि धरायला पलीकडे कोणी नाही. "धर ना, लेका" म्हणून झालं. शेवटी मी पेटीतून पेचकस काढला. तू दवाखान्यात होतास तेव्हा घेतलेला, नवा. त्याचं टोक मी कडेखाली घालणार, तेवढ्यात वहिनी बाकावरून वाकल्या.

"हा नवा हाय काय, मास्तर भाऊ?"

"हो. का?"

"मंग घासाचा राह्यला वाटते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही.

"त्याईनं घासला नसन म्हनलं हा. तुमी नवा आनला का ते खिशात घालून घरी आनत. रात्रीचं जेवन झालं का कानस घेऊन वट्ट्यावर बसत. टोक घासून गोल करत, मंग गालावर फिरवून पाहत लागते का. सकाळी परत नेत. दुकानाचं कामच असन म्हनून मी कधी काही म्हनलं नाही."

"केव्हापासून, वहिनी?"

त्यांनी थोडा विचार केला. "लय वर्सं झाले. ते पोरगी नाही काय, पेपराले उशिरा पोचली होती? त्या सालापासून. मी एकदा म्हनलं, दुकानातच घासा ना, घरी कायले आनता? तं म्हने, नाही, मास्तरले वाईट वाटन."

पेचकस माझ्या हातात होता. मी त्याचं टोक अंगठ्यावर ओढून पाहिलं. धारदार होतं. पंधरा दिवस झाले, महिना होत आला, आणि या एका पेचकसाच्या लोखंडात दम होता.

गुलाब, मला तुझा राग आला. आधी राग आला, हे लिहून ठेवतो. एक शिवी हासडली असतीस, ती ट्यूब माझ्या तोंडावर फेकली असतीस, तर मी तेव्हाच बोललो असतो, दोन दिवस अबोला धरला असता आणि मोकळा झालो असतो. तू मला ती सोयच ठेवली नाहीस. रोज माझ्यासमोर बसलास, माझी फजिती होऊ नये म्हणून स्वतःचे अंगठे गेले असं जगाला सांगत राहिलास, आणि मी त्यावर तुला म्हातारा म्हणून चिडवायचो. तुझे अंगठे कधीच गेले नव्हते ना? दवाखान्यात तू माझा हात धरलास तेव्हाही मनगट दुखलं होतं माझं.

मग राग गेला. बसस्टँडवर गाडी लागली, कंडक्टर ओरडला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया जीपमधून गेल्या, सगळं रोजचंच चाललं होतं. मी चाक मांडीवर घेऊन बसून राहिलो.

"वहिनी," मी म्हटलं, "ती ट्यूब मी चिरली होती. त्या पोरीच्या सायकलची. गुलाबनं नाही."

वहिनींनी पदर सारखा केला. त्यांना नवल वाटलं की नाही, मला सांगता येणार नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "चढवा आता. ऊन होऊन राह्यलं, मले परत चालत जायचं हाय. धरू काय मी इकडून?"

"नको."

त्यांना वाईट वाटलं असेल. पण तुझ्या जागेवर कालच्या काल कुणी बसावं, हे मला जमलं नसतं. मी जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापल्या. वॉलच्या बरोबर समोरची कड आत बसवली आणि ती निसटू नये म्हणून रिमसकट दोन्हीकडून पट्ट्यांनी करकचून बांधली. तुझ्या दोन हातांच्या जागी दोन पट्ट्या. मग तळहात टेकवून, कड रिमच्या पोटात ढकलत, थोडं डावीकडून, थोडं उजवीकडून, पुढे आणत गेलो. घाई केली नाही. दोनदा थांबून पुन्हा मागून दाबत आणलं, सैल जेवढं मिळेल तेवढं गोळा करत. शेवटची वीतभर उरली. मी पेचकसाकडे पाहिलं नाही. दोन्ही अंगठे टेकवले आणि अंगातलं सगळं बळ लावलं. उजव्या अंगठ्याचं साल निघालं. मग टायर हळूच, आवाजसुद्धा न करता, आत गेला, जसा काही इतका वेळ उगाच अडून बसला होता.

वॉल थोडा वाकडा झाला होता. वर दाबून सरळ केला. हवा भरली, चाक फिरवून पाहिलं, कुठं उचललेलं नाही, कुठं दबलेलं नाही. वहिनी सायकल घेऊन निघाल्या. रस्ता ओलांडताना त्यांनी सीटवर हात ठेवला होता. त्या वळणाआड जाईपर्यंत मी पाहत होतो.

नंतर गिऱ्हाईक आलं नाही. लिंबाखाली ऊन येऊन गेलं. मी तुझ्या पेटीतली कानस काढली, पेचकस मांडीवर धरला आणि टोक घासायला बसलो. तू किती गोल करायचास ते मला माहीत नाही, म्हणून घासायचो आणि गालावर फिरवून पाहायचो, पुन्हा घासायचो. ज्यानं माझ्यासाठी हे केलं त्याच्याबद्दल तेरवीला उठून दोन शब्द बोललो नाही, म्हणून आज हे लिहितोय. ती ट्यूब मी चिरली होती, गुलाब. तुला माहीत होतं, तरी सांगतो. माझं चुकलं.

आणि टायर वॉलवरच संपवला. तू म्हणत होतास तिथं.